इनासची वाट कधी चुकली नाही

इनास गेल्याची बातमी त्याचा जावई बस्त्याव घेऊन आला. फाल्गुन नुकताच लागला होता. पहिल्या गाडीनं तो ठाण्याहून कल्याणला आला आणि विचारत विचारत आमच्या आळीत पोहोचला. मी ओटीवर दौत-टाक घेऊन बसलो होतो. तो पायऱ्यांच्या खाली, अंगणातच उभा राहिला. किरिस्ताव माणसाला वर ये म्हणण्याची आमच्याकडे पद्धत नाही, आणि म्हटलं असतं तरी तो आला नसता. "मामा गेलं, डाक्तर," तो म्हणाला. "पाच दिस ताप व्हता. काल सांजंला सरलं. आज दुपारी मयत हाय. सासू बोलली, डाक्तरला सांगून ये." एवढं सांगून तो थोडा वेळ उगाच घुटमळला. मी येतो का, हे त्याला ऐकायचं होतं. मी नुसतं "बरं" म्हटलं आणि समोरच्या घरातून कोणी बघत नाही ना, ते पाहून घेतलं... तो गेला. दुपारी ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी मला माजघरात ऐकू आली. मी गेलो नाही.

या वर्तमानपत्राच्या पुष्कळ वाचकांनी इनासला पाहिलं असेल. ठाण्याच्या कचेरीच्या दाराशी बाकावर बसणारा उंच, सावळा पट्टेवाला, गळ्यात काळ्या दोऱ्याला क्रूस, आवाज असा की चार खोल्या पलीकडे ऐकू जावा. पण इनास म्हटलं तर कोणाला ओळख पटायची नाही. त्याला सगळे 'वाटचुक्या' म्हणत. "काय वाटचुक्या, साहेब आत आहेत का?" असं कारकुनापासून पक्षकारापर्यंत कोणीही विचारी, आणि तो हसून उत्तर देई. अकरा वर्षांपूर्वी मलंगगडाच्या बाजूच्या रानात सरकारी देवी काढणाऱ्याला, म्हणजे देवीची लस टोचणाऱ्याला, घेऊन जाताना हा वाट चुकला, त्या ब्राह्मणाचा जीव जायची वेळ आली, आणि तेव्हापासून त्याला रानातून काढून दाराशी बसवला, अशी ती गोष्ट. तो देवी काढणारा मी. आणि ती गोष्ट खोटी आहे. ती मी सांगितली. आज ती खोडून काढायची म्हणून लिहायला बसलो आहे, पण ते सोपं नाही. कारण खरी गोष्ट सांगायची तर घोटभर पाण्याची हकिकत सांगावी लागते, आणि ती छापून आली की आमच्या आळीत ग्रामण्य उभं राहणार, वाळीत टाकून आमचं विस्तव-पाणी बंद करणार, हे मला आजच दिसतं आहे. घरात लग्नाची मुलगी आहे.

त्या काळी आमचं काम कसं चाले ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोक आम्हाला देवी डाक्तर म्हणत, पण डॉक्टरकीचं आम्हाला ओ की ठो कळत नसे. एका मुलाच्या दंडावर टोचायचं, आठव्या दिवशी तिथं फोड भरला की त्यातलं पाणी घेऊन दुसऱ्या मुलांना टोचायचं, एवढीच आमची विद्या. ती लस बाटलीत टिकत नसे. ती जिवंत मुलाच्या दंडावरच न्यावी लागे. म्हणजे एका गावात टोचलेलं मूल, फोड भरला की, आईसकट पुढच्या गावाला चालवत न्यायचं. आठवा दिवस हुकला की फोड गढूळ व्हायचा आणि सगळी साखळी तुटायची, मग पुन्हा ठाण्याहून आरंभ. आता वासराच्या लशीचं निघालं आहे म्हणतात. पण तेव्हा आमची सगळी स्वारी म्हणजे मी, पट्टेवाला आणि कडेवर पोर घेतलेली एखादी बाई, आणि वाट म्हणजे रान. आणि रानाची मला जन्मजात भीती. लहानपणी मी घराच्या परसातसुद्धा दिवेलागणीनंतर एकटा जात नसे.

इनास मात्र रानातच वाढलेला. घर ठाण्याला कोपरीच्या बाजूला, पण बाप येऊरच्या डोंगरातून लाकूड आणायचा आणि हा चालायला लागल्यापासून बापाच्या मागं. त्याच्याबरोबर मी चार हिवाळे-उन्हाळे हिंडलो. रानात शिरण्याआधी तो शेवटच्या घराशी थांबे आणि आम्ही कुठं जातो, किती जण आहोत, कधीपर्यंत पोहोचू, हे त्या घरच्या माणसाला दोनदा सांगे. मला आधी तो नुसता बडबड्या वाटे. "डाक्तर, आपुन नाय पोचलो तं कोनाला तरी ठाव पायजे ना, कुटं हुडकाचा ते," तो म्हणे. गवतातून जाताना काठी आपटत जाई, कारवीच्या झुडपांच्या दाटीत शिरला की मोठ्यानं खाकरे, नाहीतर मेरीमातेचं गाणं म्हणे. जनावर अचानक समोर आलं की ते भितं आणि भ्यालेलं जनावर वाईट, असं त्याचं म्हणणं. दर वळणावर तो मला थांबवी. "मागं वलून बगा. जाताना जी वाट दिसते ती येताना नाय दिसत." मी वळल्यासारखं करी. माझं अर्धं लक्ष कारवीत काय हललं इकडे असे. कोरडा ओढा धरून खाली उतरायचं नाही, हा त्याचा आणखी एक दंडक. "पानी कड्यावरून उडी मारतं, डाक्तर. आपल्याला नाय मारता येत." आणि सगळ्यात वरचा म्हणजे, वाट चुकली की बसायचं. "बसलेल्या मानसाला हुडकता येतं. पलनाऱ्याला कोन हुडकंल?"

या माणसाशी माझं वागणं कसं होतं, तेही सांगायला हवं. वाईट नव्हतं. मी त्याच्याशी कधी अरेरावी केली नाही. पण मुक्कामाला त्याची सावली माझ्या भांड्यांवर पडणार नाही, इतक्या अंतरावर तो चूल मांडी, आणि ते अंतर मला कधी सांगावं लागलं नाही. आमच्या सोवळ्या-ओवळ्याचे नियम त्याला आमच्या भटजींइतके ठाऊक होते. खायला बसताना तो वारा बघे आणि त्याच्या सुकटीचा वास माझ्याकडे येणार नाही अशा अंगाला बसे. मला ते तेव्हा सोयीचं वाटलं, एवढंच. त्याहून जास्त काही वाटलं नाही.

तो चैत्रातला दिवस होता. डोंगराच्या अलीकडच्या ठाकरांच्या पाड्यावर ठकी नावाच्या बाईच्या सहा महिन्यांच्या मुलाचा फोड छान भरला होता. खिंडीपलीकडचं गाव तिचं माहेर, म्हणून ती हसतमुखानं निघाली. नाहीतर पोर घेऊन चला म्हटलं की बायका घरात लपून बसत. आठवा दिवस होता. संध्याकाळच्या आत खिंड ओलांडून गावात पोहोचायचं आणि उजेड असेपर्यंत पंधरा-वीस मुलांना टोचायचं, असा बेत. उन्हानं रान वाळून कोळ झालं होतं. मध्यान्ही एका आंब्याखाली आम्ही थांबलो. माझ्याकडे दशम्या होत्या आणि माझा तांब्या होता, घरून भरून आणलेला. आता हसू येतं, पण त्या रानात मी रीतसर हात-पाय धुतले, चूळ भरली, ताटाभोवती पाणी फिरवलं, जेवल्यावर पुन्हा हात धुऊन चूळ भरली. इनास लांबून बघत होता. "पानी सांबालून, डाक्तर," तो म्हणाला. "खिंडीच्या पल्याड टाक्यापतूर पानी नाय." मी तिकडे लक्ष दिलं नाही. जेवणाआधी पाय धुवायचे नाहीत, तर मग माणसानं करायचं काय?

तासाभरानं माझ्या घशाला कोरड पडली. तांब्यात घोटभर होतं तेही संपलं. चढ सुरू झाला तशी जीभ टाळूला चिकटायला लागली. इनासच्या खांद्याला भोपळ्याचा तुंबा लटकत होता, पाण्यानं भरलेला. त्याच्या प्रत्येक पावलाला आत डुचमळणारं पाणी मला ऐकू येत होतं. त्यानं एकदा मागं बघितलं, तुंब्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "झऱ्याचं पानी हाय. तुंबा बी नवा हाय." मी "नको" म्हटलं. त्यानं मान डोलावली. पुन्हा विचारून त्यानं मला अडचणीत टाकलं नाही. "मंग तासभर दम धरा," एवढंच म्हणाला.

तेवढा दम मला धरवला नाही. ठकी पोराला पाजायला एका दगडावर टेकली. पुढं वाटेवर एक झाड आडवं पडलं होतं, ते बघायला इनास गेला. डाव्या हाताला, उतारावर, मला जांभळीचा हिरवागार पट्टा दिसला. सगळं रान करडं आणि तेवढीच एक हिरवी रेघ. तिथं पाणी असणारच. इनासला सांगितलं असतं तर त्यानं जाऊ दिलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी ठकीला, "लघुशंकेला जाऊन येतो," असं सांगितलं आणि तांब्या घेऊन उतरलो. तांब्या कशाला हवा, हे तिच्या मनात आलं असेल, पण बिचारी काही बोलली नाही.

जांभळीखाली ओढा होता, पण कोरडा. गोटे आणि पाचोळा. थोडं खाली वाळू ओलसर वाटली, म्हणून उकरली, तर चिखलसुद्धा लागला नाही. आणखी खाली असेल. मग आणखी खाली. असा किती उतरलो, मला सांगता यायचं नाही. वर बघितलं तेव्हा दोन्ही अंगाला कारवी होती, पुरुषभर उंच, वाळलेली, काठीला काठी लागलेली. मी परत फिरलो. ओढा धरून वर गेलं की झालं, असं मनाशी म्हटलं. पण वर ओढ्याला दोन फाटे होते. उतरताना मला फाटा दिसलाच नव्हता. मी मागं वळून बघितलंच नव्हतं ना... डावा घेतला, तो कारवीत घुसून संपला. परत आलो, उजवा घेतला, तिथं जांभळी नव्हत्या. मग मी पळायला लागलो. कुठं पळतो, कशासाठी, काही नाही. भीतीला पाय फुटतात म्हणतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. पागोटं कुठं पडलं ते कळलं नाही. कारवीच्या काड्यांनी अंगरखा फाटला, हात ओरबाडले.

आणि मग वानरं ओरडली. इनासनं मला तो आवाज शिकवला होता. वानर एरवी ओरडतं ते वेगळं, आणि वाघरू बघून खाकरतं ते वेगळं. खक्... खक्... असा कोरडा आवाज, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सरकत येणारा. माझ्याच बाजूला येत होता. कारवीत काहीतरी चालत होतं. मी थांबलो की थांबत होतं, असं मला वाटलं. खरंच होतं की माझ्या मनानं उभं केलं, आजही सांगता यायचं नाही, पण माझं काळीज इतक्या जोरात उडत होतं की बाहेर ऐकू जाईल अशी मला धास्ती वाटली. मी पुन्हा ओढ्यात उडी टाकली आणि खाली पळत सुटलो, ज्याला इनास नको म्हणत असे नेमका तसा. एकाएकी पायाखालची खडी सरकली. मी बसल्या बसल्या घसरत गेलो आणि एका उंबराच्या मुळीला दोन्ही हातांनी धरलं. माझे पाय जिथं होते, त्याच्या चार हात पुढं ओढा संपला होता. पुढं काही नव्हतं. खूप खाली वाळलेली भातखाचरं दिसत होती, एवढी एवढीशी, आणि एक घार माझ्या पायांखालून उडत होती.

मी मुळीला मिठी मारून बसलो. शहाणपणानं नव्हे. पायात उभं राहायचं बळ उरलं नव्हतं, म्हणून. तांब्या गडगडत जाऊन कडेच्या एका दगडाला अडकला होता. दिवस कासराभर उरला होता. मला आईची आठवण झाली, बायकोची झाली, वर्षाच्या मुलीची झाली. पण सगळ्यात जास्त आठवण पाण्याची होत होती, आणि ते पाणी घरच्या माठातलं नव्हतं. त्या तुंब्यातलं होतं. मी मरायला टेकलो होतो आणि डोळ्यांसमोर एका किरिस्तावाचा तुंबा येत होता. माझं मलाच भय वाटलं.

मग वरच्या अंगानं, लांबून, झाडावर काठी मारल्याचा आवाज आला. तीन ठोके. मग शांतता. पुन्हा तीन ठोके. इनास. मी ओरडायला तोंड उघडलं, पण घशातून हवेशिवाय काही निघेना. पुन्हा प्रयत्न केला, तेच. ठोके जरा लांब गेल्यासारखे वाटले, आणि त्या क्षणाची भीती वाघराच्या भीतीपेक्षा मोठी होती. मी एक हात मुळीवर ठेवून पोटावर सरकत गेलो, तांब्या ओढून घेतला आणि धोंडा घेऊन त्यावर मारत सुटलो. रिकामा तांब्या चांगला वाजतो. पोचे पडले तरी मी थांबलो नाही.

इनास एकटा आला नाही. मागं ठकी होती आणि पाठीला बांधलेलं पोर. वाघराच्या रानातून, उतारावरून, तिलाही घेऊन आला होता. नंतर परतीच्या वाटेत तिनं मला सांगितलं, "म्या बोलले, तू जा, म्या हितंच बसते. तो बोलला, एक चुकलाय, दुसरी चुकवाची नाय." कड्याशी आल्यावर त्यानं मला काखेत धरून वर ओढलं आणि एका सपाट दगडावर बसवलं. रागावला नाही. माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं, तुंब्याचं बूच काढलं, आणि तुंबा माझ्या हातात न देता शेजारी दगडावर ठेवला. मग ठकीला म्हणाला, "बाय, जरा तिकरं तोंड कर." आणि स्वतःही पाठ फिरवून उभा राहिला.

मी प्यालो. वरून धार धरून नव्हे, तोंड लावून प्यालो. छातीवर सांडलं ते हातानं पुसून चाटलं. तुंबा रिकामा केला आणि तेव्हा कुठं ध्यानात आलं की त्या दोघांनीही दुपारपासून त्यातलं थेंबभर घेतलं नव्हतं. इनासनं किती तरी वेळ वळून बघितलं नाही. मी खाली ठेवलेल्या तुंब्याचा आवाज झाला, मग म्हणाला, "चला. दिस जातोय."

खिंड त्या वेळेला सुरक्षित नव्हती, म्हणून त्यानं आम्हाला अलीकडच्या पाड्यावर परत आणलं, प्रत्येक फाट्यावर न अडखळता. दुसऱ्या दिवशी फोड गढूळ झाला होता. साखळी तुटली. त्या वर्षी पलीकडच्या गावात देवी आल्या नाहीत ही देवाची कृपा, नाहीतर ते पापही माझ्याच माथी बसतं. चार दिवसांनी वरिष्ठांनी आम्हाला ठाण्याच्या कचेरीत बोलावलं आणि आठवा दिवस का हुकला, असं मला विचारलं. खरं सांगायचं तर, वाट सोडून मी पाण्याला गेलो, हे सांगावं लागत होतं. मग पुढचे प्रश्न आलेच: पट्टेवाल्याजवळ पाणी होतं, मग का गेलास? आणि घशातून आवाज निघत नव्हता म्हणतोस, मग शेवटी प्यालास काय? कचेरीत आमच्या आळीतले तीन कारकून होते. मला वाटलं, त्या तिघांचे टाक थांबले आहेत. मी म्हणालो, "पट्टेवाल्याची वाट चुकली." इनास दाराशीच उभा होता. वरिष्ठ त्याला म्हणाले, "खरं का रे?" तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. म्हणाला, "व्हय, सायेब."

त्याला रानातून काढलं आणि दाराशी बसवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. लोकांनी ती गोष्ट रंगवली, तिला शेपट्या फुटल्या, 'वाटचुक्या' नाव पडलं. रानाच्या वाटा ज्याला हाताच्या रेषांसारख्या ठाऊक, त्याला पोरासोरांनी त्या नावानं हाक मारावी, आणि त्यानं ओ द्यावी... पुढं अकरा वर्षं कामासाठी ठाण्याला गेलो की तो दिसे. मी नजर टाळी. चोराच्या मनात चांदणं. तो मात्र उठून उभा राहून विचारी, "डाक्तर, तांब्या भरून घेता ना?" मला आधी वाटे, टोमणा मारतो. बऱ्याच वर्षांनी समजलं की तो खरोखरच विचारत होता. मी अजून रानात जात होतो आणि तो बरोबर नव्हता, याची त्याला काळजी होती. मी एकदाही म्हणालो नाही की इनास, चुकलं माझं. दर खेपेला ठरवून जाई, आणि दाराशी चार माणसं असत.

मयताला गेलो नाही, ते वर सांगितलंच. तीन आठवडे झोप लागली नाही. मग एका रविवारी उठलो आणि ठाण्याची गाडी पकडली. गाडीत मनाशी पक्कं केलं होतं, त्याच्या घरी जायचं आणि त्याच्या घरचं पाणी मागून प्यायचं, दारात बसून. कोपरीच्या त्या वाटेवर मी पूर्वी कधी पाऊल टाकलं नव्हतं. घर लहान, कौलारू, दारावर लाकडी क्रूस. त्याची बायको कातरीन बाहेर आली. तिनं मला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. "डाक्तर ना? बसा," म्हणाली आणि ओट्यावर घोंगडी टाकली. मी म्हणालो, "बाई, इनास कधी वाट चुकला नाही. मी खोटं सांगितलं." तिनं डोळ्याला पदर लावला नाही की काही नाही. "मना ठाव हाय," ती म्हणाली. "बायकोला नाय सांगनार तं कोनाला?"

मी पाणी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं शेजारच्या ओट्याकडे बोट दाखवलं. शेजारी गुरवाचं घर आहे. त्याच्या ओट्यावर तिवईवर एक तांब्याची कळशी होती, घासून लख्ख, वर झाकण. "ती तुमची हाय," कातरीन म्हणाली. मला समजेना. मग तिनं सांगितलं. तो दाराशी बसायला लागला त्या वर्षी त्यानं ती कळशी विकत घेतली. स्वतः हात लावला नाही. कासाराच्या हातून परभारे गुरविणीच्या हातात दिली. तेव्हापासून गुरवीण ती रोज घासते, रोज तिच्या आडाच्या पाण्यानं भरते, संध्याकाळी तुळशीला ओतते. "डाक्तर येतील कंदीतरी, बोलायचे. उनातून येतील, तान लागंल. आपल्या घरचं तेंना चालनार नाय. मांगाया बी लाजतील." अकरा वर्षं. आणि तो गेल्यावरही तीन आठवडे ती कळशी तशीच भरली जात होती.

मी उठलो. खरं सांगतो, मी कातरीनच्या दाराकडे वळलो होतो. पण वाटेनं दोन माणसं येत होती, दोघंही आमच्या कल्याणची, आणि त्यांतल्या एकानं मला ओळखून हात केला. माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. कारवीत वानरं खाकरली होती तेव्हा फुटला होता, तसाच. मी गुरवाच्या ओट्याकडे गेलो आणि गुरविणीनं ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यालो. माणसं निघून गेली. कातरीन सगळं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर ना राग, ना नवल. मी तिला म्हणालो, "मी हे वर्तमानपत्रात लिहिणार आहे." ती म्हणाली, "लिवा. पन तेंचं नाव नीट लिवा."

घरी येऊन लिहिलं आणि काल दुपारी बायकोला वाचून दाखवलं. अकरा वर्षांत तिलाही सांगितलं नव्हतं. तिचं तोंड पांढरं पडलं. आमच्या मुलीच्या, यमूच्या लग्नाची बोलणी या महिन्यातच पक्की व्हायची आहेत. मला वाटलं, ती म्हणेल की लग्न होऊन जाऊ द्या, मग काय ते छापा. मीही तेच ऐकायला टपलो होतो, कारण मग मला आणखी दोन महिने मिळाले असते, आणि दोन महिन्यांनी आणखी काही निघालं असतं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "आत्ताच छापा. लग्न झाल्यावर हे त्यांच्या कानावर गेलं, तर पोरीला माघारी आणून सोडतील. आधी कळलेलं बरं. ज्यांना नको असेल ते आताच नाही म्हणतील." आणि पुन्हा सुपाकडे वळली.  हे आजच संपादकांकडे धाडतो आहे.

त्याचं पूर्ण नाव इनास पेद्रू. राहणार कोपरी, ठाणे. तो वाट कधी चुकला नाही. चुकलो मी, आणि त्यानं मला शोधून काढून पाणी पाजलं. येत्या रविवारी मी पुन्हा त्याच्या घरी जाणार आहे. तोवर हे सगळ्यांनी वाचलेलं असेल, आणि गुरविणीच्या कळशीची मला गरज उरणार नाही.